डोळ्यादेखत काढलेले दूध आणि न पाहिलेला गोठा

गेल्या महिन्यात या सदरात दुधातील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी याविषयी लिहिले, तेव्हा लॅक्टोमीटर कोठे मिळतो आणि डिग्री किती यावी एवढेच वाचक विचारतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे दुधाविषयी नसून दूध देणाऱ्या जनावराविषयी होती, आणि पुढे ती कोंबडी, अंडी, मटण अशी पसरत गेली होती. पशुवैद्य म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातील गोठ्यांतून मी तीस वर्षे हिंडलो. त्या काळात ग्राहकाने असा प्रश्न विचारल्याचे मला क्वचितच आठवते. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मोठी पत्रे थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या तीन पिढ्या गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीसमोर उभे राहून धारोष्ण दूध पीत आल्या. खाद्यपदार्थांतील पारदर्शकता म्हणून हल्ली जिची मागणी होते, ती आपल्याकडे पूर्वीपासूनच नाही का? (निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ)

उत्तर : आहे, पण ती अर्धीच आहे. कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, सड धुतलेले दिसतात, धार आपल्या डोळ्यादेखत पितळी भांड्यात पडते आणि फेस खाली बसण्याच्या आत पेला हातात येतो. दुधात पाणी मिसळले की नाही या एका प्रश्नाचे याहून पक्के उत्तर जगातील कोणतेही प्रमाणपत्र देऊ शकणार नाही. शिंगे थेट खांद्यामागे गेलेली आपली पंढरपुरी म्हैस या कामासाठी नावाजलेली आहे, कारण रस्त्याच्या गोंगाटातही ती सहज पान्हा सोडते. दारोदार नेऊन धार काढण्याची पद्धत तिच्यामुळेच टिकली.

परंतु कट्ट्यावर दिसतो तो म्हशीच्या दिवसातला अर्धा तास. उरलेले साडेतेवीस तास ती कोठे बांधलेली असते, तिच्या पुढ्यातील पेंड कोरडी आहे की बुरसटलेली, कासदाहासाठी तिला शेवटचे इंजेक्शन कधी दिले, हे तेथे दिसत नाही. ही हौसेची चौकशी नव्हे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 साली दुधाचे 6432 नमुने तपासले आणि त्याचा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध केला. आरोग्याला घातक ठरेल अशी भेसळ त्यांपैकी केवळ 12 नमुन्यांत सापडली. मात्र ॲफ्लाटॉक्सिन एम-1 हे बुरशीजन्य विष 368 नमुन्यांत आणि प्रतिजैविकांचे अंश 77 नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त आढळले. हे विष दुधात कोणी ओतत नाही. बुरशी लागलेली पेंड आणि वैरण खाल्लेल्या जनावराच्या कासेतून ते येते. आपण मात्र पिढ्यानपिढ्या चरवीकडे बघत आलो.

कट्ट्यावरच्या आठवणींना धक्का लावण्याची इच्छा नसूनही आणखी एक सांगणे माझे कर्तव्य आहे. सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेलोसिस, हा रोग आणि जनावरांचा क्षय न तापवलेल्या दुधातून माणसाला होऊ शकतो. घरात गरोदर स्त्री, लहान मूल किंवा आजारी वृद्ध असेल तर त्यांना धारोष्ण दूध देऊ नये. कट्ट्यावरून दूध अवश्य आणावे, पण घरी उकळून घ्यावे.

प्रश्न : इंजेक्शन देऊन काढलेले दूध प्यायल्याने मुली लवकर वयात येतात असे ऐकते. हे खरे आहे का, आणि असे दूध ओळखायचे कसे? (गृहिणी, राजारामपुरी)

उत्तर : आपण म्हणता ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचे. हे संप्रेरक जनावराच्या शरीरात मुळातच तयार होते. रेडकाने सडाला ढुशी दिली किंवा ओळखीच्या हाताने कास चोळली की मेंदूतून ते रक्तात उतरते आणि म्हैस पान्हवते. बाहेरून टोचलेले ऑक्सिटोसिन रक्तातून काही मिनिटांत नाहीसे होते. शिवाय ते प्रथिनाच्या जातीचे असल्यामुळे दुधात थोडे उतरले तरी आपल्या पोटातील पाचकरस त्याचे तुकडे करतात. मुली लवकर वयात येण्याचा संबंध या दुधाशी जोडण्याला शास्त्रीय आधार नाही. असे दूध चवीवरून, रंगावरून किंवा घरच्या कोणत्याही चाचणीने ओळखता येत नाही.

म्हणून विषय संपला असे मात्र समजू नये. हे इंजेक्शन का लागते, हा खरा प्रश्न आहे. घाबरलेल्या किंवा दुखणे असलेल्या जनावराच्या रक्तात भीतीचे संप्रेरक वाढते आणि ते पान्हा अडवते. रेडकू मेले, गडी बदलला, काठीचा मार बसला की म्हैस दूध चढवते. अशा वेळी आंबोण, म्हणजे कालवलेले खाद्य, पुढे ठेवून, कास कोमट पाण्याने धुऊन, दहा मिनिटे धीर धरून धार काढता येते. पण दहा म्हशी आणि एक गडी असेल तर त्या दहा मिनिटांची किंमत सुईहून महाग पडते. रोजच्या टोचणीने जनावराला सुईविना पान्हा न सोडण्याची सवय लागते आणि मान गाठींनी भरते. मी तपासलेल्या एका म्हशीच्या मानेवर बोटे फिरवताना, गोणीत हात घालून बटाटे मोजावेत तशा गाठी लागत होत्या.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा असून त्याच्या कलम 12 प्रमाणे दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणे गुन्हा आहे. त्यासाठी 1000 रुपयांपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच कायद्याच्या कलम 11 खाली जनावराला मारहाण केली, उपाशी ठेवले किंवा अपुऱ्या जागेत कोंडले, तर पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये आहे. 1960 साली 50 रुपयांना काही किंमत असेल. आज तेवढ्यात मिसळीची प्लेटही येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे आठ म्हशी आणि चार गाई आहेत. मोकळा गोठा करा, जनावरांना मोकळे सोडा असे तज्ज्ञ सांगतात, आणि शहरातले ग्राहकही तसेच बोलतात. पण लिटरमागे दोन रुपये वाढले की हेच ग्राहक ओरडतात. मी खर्च कोणाच्या भरवशावर करायचा? (दूध उत्पादक, शिरोळ तालुका)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. त्यातील रागात मला खोट काढता येत नाही.

आपला अनुभव एका तालुक्यापुरता नाही. युरोपीय संघात 2015 च्या अखेरीस घेतलेल्या मोठ्या पाहणीत 94 टक्के लोकांनी पाळीव जनावरांचे कल्याण आपल्याला महत्त्वाचे वाटते असे सांगितले. त्यासाठी जास्त पैसे मोजायला तयार आहोत असे म्हणणारे 59 टक्केच होते, आणि 35 टक्क्यांची तयारी दरात जेमतेम पाच टक्के वाढ सोसण्याचीच होती. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 2008 साली कोंबड्यांना दाटीवाटीच्या पिंजऱ्यात ठेवण्यावर बंदी घालावी का, असा कौल घेतला गेला तेव्हा 63 टक्के मतदारांनी होकार दिला. मात्र त्याच राज्यातील दुकानांत त्या काळी खपणारी बहुसंख्य अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचीच होती. माणूस मतदानाला जातो तेव्हा नागरिक असतो आणि दुकानात शिरतो तेव्हा घरखर्च चालवणारा असतो. त्याला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. मत देताना त्याला ठाऊक असते की नियम सर्वांनाच लागू होणार, तर दुकानात एकट्याने जास्त पैसे मोजल्याने काय बदलेल याची त्याला खात्री नसते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे आणि तिच्याकडे ग्राहकाचे लक्ष सहसा जात नाही. सकाळी आपण संस्थेत दूध घालता, तेव्हा फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) मोजून दर ठरतो. म्हशीच्या दुधाला 6 फॅट आणि 9 एसएनएफ भरले की आपले काम झाले. दूध संघ गोकुळ असो वा वारणा, आपले दूध पुढे टँकरमध्ये गावातल्या सगळ्यांच्या दुधाशी एकजीव होते. ज्याची म्हैस चिखलात गुडघाभर उभी आहे त्याचे आणि ज्याने कोरडी, मऊ बैठक केली आहे त्याचे दूध एकाच पिशवीत शहरात येते. सहकाराच्या या पद्धतीने दोन म्हशींच्या मालकिणीलाही दर दहा दिवसांनी हुकमी पैसे मिळवून दिले, हे तिचे मोठेपण मला मान्यच आहे. पण गोठ्याचे चांगलेपण ग्राहकापर्यंत पोहोचण्याची वाट या पद्धतीत नाही. जे पोहोचतच नाही त्याचे पैसे तो कसे देणार?

तेव्हा माझा सल्ला असा की, मुक्तसंचार गोठा ग्राहकाच्या भरवशावर करू नये, स्वतःच्या हिशेबावर करावा. त्याला पक्के बांधकाम लागत नाही. चारी बाजूंनी कुंपण, मध्ये झाडाची किंवा पत्र्याची सावली, एका कडेला गव्हाण आणि दिवसभर भरलेला पाण्याचा हौद एवढ्यावर तो उभा राहतो. जनावर तहान लागेल तेव्हा पाणी पिते, खरारा करावा तसे खांबाला अंग घासते, आणि माजावर आलेली गाय इतर गाईंवर उडताना लांबून दिसते, त्यामुळे माज चुकत नाही. दावणीला बांधलेल्या गाईचा एक माज चुकला की पुढचा माज येईपर्यंतचा 21 दिवसांचा चारा फुकट गेला, हे मी आपल्याला सांगायला नको. म्हशींसाठी मात्र पाण्याचा फवारा किंवा डुंबण्याची सोय हवी. त्यांच्या काळ्या कातडीला आणि कमी घामग्रंथींना उन्हाळा सोसत नाही.

हंगामात उसाचे वाडे, म्हणजे तोडलेल्या उसाचा हिरवा शेंडा, फुकट मिळते म्हणून चार महिने निव्वळ वाड्यावर जनावरे ठेवण्याची आपल्या भागातील सवयही सोडावी, कारण वाड्यातील ऑक्झलेट शरीरातले कॅल्शियम बांधून ठेवते. वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि सोबत दुसरी वैरण द्यावी. यात ग्राहक कोठेही येत नाही, पण जनावराचे भले यातच आहे. ग्राहकाने दोन रुपये जास्त द्यावेत असे खरेच वाटत असेल, तर वीस घरांना थेट रतीब घालून पाहावा आणि त्या वीस घरांना वर्षातून एकदा गोठ्यावर जेवायला बोलवावे. टँकरमधून जे पोहोचत नाही ते तेथे दिसेल.

प्रश्न : ब्रॉयलर कोंबडीला हार्मोनची इंजेक्शने देऊन फुगवतात, म्हणून मी मुलांना ती देत नाही. माझे बरोबर आहे ना? (कसबा बावडा)

उत्तर : निर्णय आपला, पण त्याला दिलेले कारण चुकीचे आहे. एका शेडमध्ये पाच हजार पक्षी असतात. प्रत्येकाला धरून वरचेवर सुई टोचणे मजुरीच्या हिशेबानेच परवडणारे नाही, आणि वाढीचे संप्रेरक खाद्यातून दिले तर ते पोटातच पचून जाते. कोंबडी वाढते ती निवड पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात 1957, 1978 आणि 2005 या वर्षांच्या जातींचे पक्षी एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवले गेले. छप्पन्नाव्या दिवशी 1957 च्या जातीच्या पक्ष्याचे वजन सरासरी 905 ग्रॅम भरले, तर 2005 च्या जातीच्या पक्ष्याचे 4200 ग्रॅमच्या घरात गेले. दोन्हींपैकी कोणालाही सुई टोचलेली नव्हती.

आणि माझ्या मते काळजी वाटावी ती याच आकड्यांची. पाच-सहा आठवड्यांत दोन-अडीच किलो मांस अंगावर चढते, पण त्या वेगाने पायांची हाडे आणि हृदय पक्के होत नाही. विक्रीच्या आठवड्यात शेडमध्ये गेल्यास बसून राहणारे, चालताना लंगडणारे पक्षी दिसतात. दुकानात हा पक्षी तराजूत पडतो तेव्हा आपले लक्ष काट्यावर असते. एकदा त्याच्या पायांच्या तळव्यांकडे पाहावे. तेथे काळे, खरखरीत व्रण असतील तर तो ओल्या, अमोनियाने भरलेल्या तुसावर वाढलेला आहे. हे पाहायला कोणतेही शिक्षण लागत नाही.

प्रतिजैविकांची शंका मात्र निराधार नव्हती. माणसाच्या गंभीर आजारांत अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास वापरले जात असे. केंद्र सरकारने जुलै 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये त्याच्या वापरावर बंदी घातली. प्रतिजैविकांविषयीचे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे अधिक कडक नियम 1 एप्रिल 2025 पासून लागू आहेत.

प्रश्न : गावरान म्हणून मी दुप्पट पैसे देऊन तपकिरी अंडी घेतो. ती खरी कशी ओळखावीत? पाकिटावर फार्म फ्रेश, नैसर्गिक असे छापलेले असते त्याला काही अर्थ असतो का? (साने गुरुजी वसाहत)

उत्तर : कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, तिच्या राहणीवर नाही. पिंजऱ्यातील तपकिरी जातीची कोंबडीही तपकिरीच अंडे देते आणि परड्यात हिंडणाऱ्या कोंबडीचे अंडे पांढुरके असू शकते. बलकाचा गडद रंगही फसवा आहे. खाद्यात पिवळा मका किंवा झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क घातला की तो येतो. काही ठिकाणी पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून विकली जातात. ओल्या फडक्यावर लिंबू पिळून कवच पुसल्यास असा रंग उतरतो, पण त्यावरून लबाडी तेवढी कळते. कोंबडी कशी जगली ते कळत नाही.

गावरान या शब्दाला कायद्यात व्याख्या नाही. फार्म फ्रेश आणि नैसर्गिक हे शब्द जाहिरातीचे आहेत. पाकिटावरचा चौदा आकडी परवाना क्रमांक विक्रेता नोंदणीकृत असल्याचे सांगतो आणि जैविक भारत हे चिन्ह सेंद्रिय प्रमाणीकरण झाल्याचे सांगते. त्यापलीकडे पाकीट मुके असते. युरोपात प्रत्येक अंड्यावर आकडा छापतात. पहिला आकडा 0 असेल तर सेंद्रिय, 1 असेल तर बाहेर हिंडणारी कोंबडी, 2 म्हणजे बंदिस्त पण मोकळी, 3 म्हणजे पिंजऱ्यातली. तेथे जुने उघडे पिंजरे 2012 पासून बंद झाले, तरीही सुधारित पिंजरा आहेच आणि तो या 3 मधूनच कळतो. आपल्याकडे एका कोंबडीच्या वाट्याला पिंजऱ्यात सर्वसाधारणपणे 450 चौरस सेंटिमीटर जागा येते. आपल्या हातात येणारा ए-फोर आकाराचा कोरा कागद त्याहून मोठा असतो. विधी आयोगाने 2017 साली आपल्या 269 व्या अहवालात या पिंजऱ्यांविरुद्ध मत दिले.

एक साधा हिशेब लक्षात ठेवावा. खरी गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तर पोल्ट्रीतली तीनशेच्या आसपास. एखादा दुकानदार बारा महिने, रोज, हव्या तितक्या ट्रे गावरान अंडी पुरवत असेल, तर त्याच्याकडे किती हजार गावठी कोंबड्या कोठल्या माळावर हिंडतात, एवढे त्याला विचारावे.

प्रश्न : आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे. जनावरांच्या हालांची चर्चा मांसाहार करणाऱ्यांनी करावी. आम्हाला त्यात का ओढता? (व्यापारी, शाहूपुरी)

उत्तर : खरवस आपल्याकडे आवडीने खातात का, असा उलट प्रश्न विचारण्याचा मोह आवरत नाही.

गाई-म्हशीच्या गर्भाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. माणसाच्या बाळाला ती वारेतून मिळतात. वासरू किंवा रेडकू या बाबतीत अगदी कोरे जन्माला येते आणि त्याची सगळी तटबंदी चिकात असते. त्याच्या आतड्याची ती द्रव्ये जशीच्या तशी रक्तात घेण्याची क्षमता पहिल्या काही तासांतच झपाट्याने कमी होते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. म्हैस चीक भरपूर देते, रेडकाचे पोट भरूनही तो उरतो, त्यामुळे प्रत्येक खरवस चोरीचा असतो असे मी म्हणणार नाही. पण पहिल्या धारेचा घट्ट, पिवळा चीक डब्यात भरून आधी शहरात पाठवायचा आणि उरलेला रेडकाला पाजायचा, असा क्रम मी अनेक गोठ्यांत पाहिला आहे. घट्ट चिकाच्या खरवसाला आपण जास्त भाव देतो, म्हणून हा क्रम ठरतो.

पुढचा हिशेब आणखी कठोर आहे. दूध हवे तर म्हैस व्यायली पाहिजे, आणि व्यायलेल्यांपैकी निम्म्यांना नर होतात. पंचवीस-तीस किलोच्या रेडकाला रोज वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे सुमारे तीन लिटर दूध लागते. शेतीकामाला रेडा आता कोणी जुंपत नाही. ज्याच्याकडून पुढे काहीच मिळणार नाही, त्याला रोज तीन लिटर दूध पाजायला लहान शेतकऱ्याला परवडत नाही. त्यामुळे ते मुद्दाम मारले जाते असे नव्हे. ते राहून जाते. जंत होतात, हगवण लागते, औषधाला उशीर होतो. दिवाळीच्या पाडव्याला शिंगे रंगवून, गळ्यात घुंगरमाळा घालून सगरात, म्हणजे म्हशींच्या मिरवणुकीत, मिरवणारी म्हैस आपण कौतुकाने पाहतो; तिचे मागच्या वर्षीचे रेडकू कोठे आहे, असे त्या गर्दीत विचारणारा मला भेटलेला नाही. मीही तेथे कधी विचारले नाही. मालकाने एवढ्या प्रेमाने नटवलेल्या जनावरासमोर तो प्रश्न ओठावर येत नाही, हे खरे.

लिंगनिर्धारित वीर्यमात्रांमुळे नव्वद टक्क्यांच्या आसपास माद्या जन्माला येऊ लागल्या आहेत. ही सोय प्रत्येक गावातल्या म्हशींपर्यंत पोहोचली, तर हा प्रश्न पुष्कळ हलका होईल.

आपला व्यापार गुळाचा असल्याचे पत्रात लिहिले आहे, म्हणून आणखी एक. हंगामात कारखान्याच्या आणि गुऱ्हाळांच्या वाटेवर उसाची बैलगाडी चढाला लागली की जू बैलांच्या मानेत रुतते, आणि मागून गाडीवान चाकाला खांदा देत असतो. त्यालाही खेपेवर पैसे मिळतात. बैल आणि तो एकाच दराला बांधलेले आहेत. ओढकाम करणाऱ्या जनावरांविषयीचे 1965 चे नियम सांगतात की दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, आणि पारा 37 अंशांच्या वर गेला असेल तर दुपारी बारा ते तीन गाडी जुंपू नये. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या गुळाच्या खोक्यावर मातीचे, पाण्याचे, चवीचे वर्णन असते. बैलाच्या मानेचा उल्लेख असावा अशी माझी अपेक्षा नाही. पण आपल्यासारख्या व्यापाऱ्याने गुऱ्हाळमालकाला एका गाडीत किती टन भरता एवढे विचारले, तर त्या प्रश्नाला माझ्या लेखापेक्षा जास्त वजन राहील.

प्रश्न : मटण घेताना दराशिवाय काय पाहावे? (ताराबाई पार्क)

उत्तर : 2019 च्या अखेरीस मटणाच्या दरावरून कोल्हापूर कसे पेटले होते ते आपल्याला आठवत असेल. दुकाने बंद राहिली, बैठका झाल्या, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा हा प्रश्न राज्यभर गाजला. त्या सगळ्या गदारोळात बकरे कोठे आणि कसे कापले जाते हा विषय माझ्या कानावर आला नाही.

कत्तलखान्यांविषयीचे 2001 चे नियम नेमके आहेत. पशुवैद्याने तपासल्यावर जनावराला 24 तास विश्रांती द्यावी, एकाला दुसऱ्याच्या नजरेसमोर कापू नये, गाभण मादी कापू नये. विश्रांतीच्या नियमात खाणाऱ्याचाही फायदा आहे. लांबच्या बाजारातून उपाशीपोटी, दाटीवाटीने आणलेल्या जनावराच्या स्नायूंतील साखर संपलेली असते. मग कापल्यानंतर मांसात आम्लता पुरेशी तयार होत नाही, ते काळपट आणि चिकट राहते आणि लवकर खराब होते. मटण गडद आणि बोटाला चिकटणारे वाटले तर ते घेऊ नये, आणि तपासणीचा शिक्का कोठे आहे ते विचारावे. आपल्यासमोर कापून घेण्याचा आग्रह मात्र सोडावा. त्यात आपली खात्री पटते, पण शेजारी बांधलेल्या बकऱ्याच्या डोळ्यांसमोर ते घडते.

प्रश्न : आमच्या वसाहतीत सहाजणी मिळून एका गवळ्याकडून दूध घेतो. त्याचा गोठा पाहावा असे वाटते, पण संशय घेतल्यासारखे त्याला वाटू नये. काय पाहावे आणि कसे विचारावे? (विद्यार्थिनी, राजारामपुरी)

उत्तर : सकाळच्या धारेच्या घाईत जाऊ नये. दुपारी चारच्या सुमारास, आंबोण कालवण्याच्या वेळी जावे. तेव्हा माणूस बोलण्याच्या मनःस्थितीत असतो. म्हशी बघायला आलो असे सांगावे. ते खरेच आहे, आणि आपल्या म्हशी कोणी बघायला आले तर कोल्हापूरच्या गवळ्याला आनंदच होतो.

तेथे पाच मिनिटे काही न बोलता उभे राहावे. दावे इतके लांब आहे का की म्हैस आडवी होऊन मान टेकवू शकेल? पुढच्या गुडघ्यांवर आणि मागच्या पायांच्या सांध्यांवर केस गेलेले, सोलवटलेले चट्टे आहेत का? असतील तर जमीन फार कठीण आहे. पाणी जनावरापुढे सतत असते की दिवसातून दोनदा बादलीने दिले जाते? पेंडीच्या पोत्यात हात घालून वास घ्यावा. कुबट वास आला तर पहिल्या उत्तरातील 368 नमुने आठवावेत. मालकाने सहज हात वर केला तेव्हा म्हैस मान झटकून मागे सरते की तशीच रवंथ करत राहते, हे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते कोणालाही लपवता येत नाही.

औषधांविषयी विचारताना, जनावर आजारी पडल्यावर किती दिवस दूध वेगळे ठेवता, असे विचारावे. जो लगेच दिवस सांगतो त्याला ते माहीत आहे. प्रतिजैविक उतरलेल्या दुधाचे दही नीट लागत नाही; दही न लागण्याला इतरही कारणे असतात, म्हणून तेवढ्यावरून आरोप करू नये, पण चार दिवस सलग तसे झाले तर विषय काढावा. तो तीन दिवस दूध बाजूला ठेवत असेल, तर त्या तीन दिवसांचे पैसे सहाजणींनी मिळून देण्याची तयारी ठेवावी, आणि हे त्याला आधीच सांगून टाकावे.

रेडकू कोठे आहे, हा प्रश्न चहा झाल्यावर विचारावा.